पैलवानाचा खुराक कळतो, म्हाताऱ्याचा का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जागतिक अल्झायमर दिनानिमित्त (२१ सप्टेंबर) आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. शब्दकोडी सोडवा, रंकाळ्यावर फेरी मारा, चार माणसांत बसा, हे सगळं बरोबरच आहे. पण पानभर मजकुरात जेवणाचा उल्लेख एकदाच, तोही 'जेवल्याचं विसरतात' एवढ्यापुरता. आमच्या घरात हा आजार सहा वर्षं होता. सगळ्यात जास्त झटापट झाली ती ताटावर, आणि त्याबद्दल आम्हाला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. म्हणून हे पत्र.

माझे सासरे तरुणपणी पेठेतल्या तालमीत घुमलेले. घरात आणि गल्लीत सगळे त्यांना आबा म्हणत. पंचाहत्तरीनंतर ते विसरायला लागले. पहिलं वर्षभर 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आम्ही हसण्यावारी नेलं. मग तपासण्या झाल्या. थायरॉईड बिघडलं किंवा बी-१२ कमी पडलं तरी माणूस विसरभोळा होतो आणि त्यावर इलाज असतो, म्हणून ते आधी पाहिलं. (मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं. अशांनी 'म्हातारचळ' म्हणण्याआधी रक्त तपासून घ्यावं.) आबांचं दोन्ही ठीक निघालं. निदान अल्झायमरचं झालं. फाइलवर आहाराविषयी एकच ओळ होती, 'साखर, मीठ, तेल कमी.'

ती ओळ आम्ही इमानेइतबारे पाळली. "आबा, जेवलासा?" विचारलं की उत्तर यायचं, "जेवलोय की!" आम्हाला ते खरं वाटायचं. एके दिवशी हात धुताना त्यांच्या बोटातली अंगठी मोरीत पडली. शोधून परत घातली तर परत निसटली. तेव्हा डोळे उघडले. दिरांचं गुळाचं दुकान आहे, तिथल्या काट्यावर त्यांना उभं केलं. आबांनी काट्यावर चढण्याआधी सदरा काढून माझ्या हातात दिला, कुस्तीआधीचं वजन असावं तसा. काटा ६१ वर थांबला. दोन वर्षांपूर्वीच्या केसपेपरवर ७८ लिहिलेलं होतं.

हे आमच्याच घरी घडलं असं नाही. अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या संस्थेनं २०१४ मध्ये या विषयावरच अहवाल काढला होता. घरी राहणाऱ्या रुग्णांपैकी शेकडा २० ते ४५ जणांचं वजन वर्षभरात लक्षणीय घटतं, असं त्यात आहे. आपल्या देशात साठीवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) प्रमाण शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा अंदाज आहे. रंकाळ्याच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसणाऱ्या शंभर आजी-आजोबांत सात धरा.

भूक लागलीय हे कळणं, समोर आहे ते अन्न आहे हे ओळखणं, घास मोडणं, तो तोंडापर्यंत नेणं, चावून गिळणं. आपल्याला हे एकच काम वाटतं, पण मेंदूला ती पाच-सहा कामं असतात आणि त्यातलं कुठलंही अडतं. शिवाय वास कमी येतो, कवळी सैल होते, पोट साफ होत नाही. या आजारावर देतात त्या डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनीही काहींची भूक मरते किंवा मळमळतं. (गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण डॉक्टरांना सांगा. आम्ही सांगितलं नव्हतं.) म्हणून 'म्हातारं हट्टी झालंय, खात न्हाई' हे वाक्य निदान माझ्या कानावर आता पडू नये.

दुसऱ्या डॉक्टरांनी पथ्याची ती ओळ पहिल्यांदा खोडली. वजन उतरत असताना पथ्याचा काच सैल करायचा असतो, असं त्यांनी समजावलं. एस्पेन या युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वंही स्मृतिभ्रंशात आहारावर बंधनं घालू नका असंच सांगतात. प्रत्येकाचं साखर-बीपीचं गणित वेगळं, तेव्हा हे डॉक्टरांना विचारूनच करावं. पण विचारावं तरी!

मग ताट बदललं. आमच्याकडे पांढरी मेलामाईनची ताटं होती. पांढऱ्या ताटात दहीभात वाढला की आबा ताटाकडे नुसते बघत बसायचे. त्यांना तो दिसतच नव्हता. बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमर बळावलेल्या नऊ जणांवर केलेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पांढऱ्याऐवजी गडद लाल ताट-पेले दिल्यावर खाणं २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं होतं. नऊ माणसं म्हणजे काही फार नव्हेत, पण ताट बदलायला काय लागतं? महाद्वार रोडवरून एक लालभडक प्लास्टिकचं ताट आणलं आणि त्याच रात्री त्यांनी स्वतःच्या हातानं भात खाल्ला. वाट्यांची रांगही बंद केली. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, भात, कांदा, लिंबू असं भरलेलं ताट म्हणजे आपल्याला मेजवानी, त्यांना चक्रव्यूह. एका वेळी एकच पदार्थ वाढायचा, आणि आपणही समोर बसून जेवायचं. समोरचा घास घेतो म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप उचलायचा.

हातात धरून खाता येईल असं दिलं की पोटात जास्त जायचं. लोणी लावलेली भाकरीची गुंडाळी, मऊ थालीपिठाचे तुकडे, दशमी, उकडलेल्या अंड्याच्या फोडी. आबा एका जागी बसत नसत, घरभर येरझाऱ्या. मग बसा-बसा म्हणायचं सोडलं. अंगणात थांबवून एक घास द्यायचा, तो संपला की दुसरा.

दुधाची गोष्ट सांगते. घरी दुधाचा पेला समोर धरला की तोंड फिरवायचे. यांनी एकदा त्यांना गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर नेलं. तिथं म्हशी दिसल्या, चरवीचा आवाज आला आणि आबांनी आपणहून हात पुढे केला. तिथलं धारोष्ण दूध त्यांना नको असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. म्हणून आम्ही घरून तापवलेलं दूध थर्मासमध्ये न्यायचो आणि कट्ट्यावर उभं राहून त्यांना पाजायचो. गवळीमामा आधी रागावले, मग कारण कळल्यावर वरून फेस काढल्यासारखं ते स्वतःच वरखाली ओतून द्यायला लागले.

आणि थंडाई. नातवाचं नाव गेलं होतं, पण दगडी कुंडी मांडीशी ठेवून दांडा हातात दिला की हात बरोबर फिरायचे. अंगवळणी पडलेलं काम बरेचदा नावांपेक्षा उशिरा विसरलं जातं म्हणतात. बदाम, खसखस, बडीशेप, वेलदोडा, चार मिरी. अर्धा तास घोटणं चालायचं, घरभर वास सुटायचा आणि स्वतः घोटलेली थंडाई ते कधीच नाकारत नसत. बदामानं गेलेली आठवण परत येत नाही, ब्राह्मी-खोबरेल तेलाचे व्हॉट्सॲपवरचे दावेही खरे मानू नका. पण त्या पेल्यात दूध होतं, साखर होती, बदाम होते. आम्हाला तेवढंच हवं होतं. आठ महिन्यांत काटा ६६ वर आला.

धोक्याचंही लिहायला हवं. एका रविवारी लाडानं मिसळ चारली आणि आबा काळेनिळे झाले. पातळ कट आणि कुरकुरीत फरसाण एकाच घासात म्हणजे गिळायला सगळ्यात अवघड प्रकार, हे नंतर कळलं. भेळही त्यातलीच. पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवताना आवाज ओलसर घोगरा होत असेल तर घास श्वासनलिकेत जातोय असं समजून तपासून घ्यावं, त्यातून न्यूमोनिया होतो. ताठ बसवून भरवावं, जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नये. पातळ रस्सा आबांना सोसेना, पण हुलग्याचं माडगं आणि दाट आंबील सुरळीत जायची.

शेवटच्या महिन्यांत पाहुण्यांनी "नळी घाला, उपाशी मारताय काय?" म्हणून आम्हाला भंडावलं. आजार शेवटच्या टप्प्यात असताना नळीपेक्षा हातानं, सावकाश, जमेल तेवढं भरवावं, अशी अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटी या वृद्धांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेची २०१४ ची भूमिका आहे. नळीनं आयुष्य वाढत नाही आणि न्यूमोनियाही टळत नाही. हे डॉक्टरांनी पाहुण्यांसमोर स्वच्छ सांगितलं, म्हणून आम्ही सुटलो. आबा गेल्या वर्षी गेले, दोन चमचे थंडाई घेऊन.

आता मागणी. अंगणवाडीत लेकरांचं वजन नियमित होतं, तक्त्यावर लिहिलं जातं. सप्टेंबरात पोषण माह असतो आणि अल्झायमर दिनही त्याच महिन्यात येतो. साठीवरच्यांना जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, हे आशाताईंच्या फॉर्ममध्ये विचारलेलं असतं. जे 'हो' म्हणतील त्यांच्या घरी दर महिन्याला वजनाची नोंद व्हावी. मात्र हे ओझं पुन्हा त्याच ताईंच्या डोक्यावर टाकू नये. पेठांतल्या तालमी आणि मंडळं गणेशोत्सवात रक्तदान शिबिरं घेतात. त्यांनी एक काटा आणि एक वही वर्षभर तालमीत ठेवावी. आणि डॉक्टर मंडळींना हात जोडून विनंती, की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या प्रत्येक कागदावर वजन लिहा आणि 'साखर, मीठ, तेल कमी' लिहिण्याआधी मागच्या वेळचा आकडा बघा.

आपली,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. : ताट लाल नाही मिळालं तर गडद निळं किंवा हिरवं चालेल. फक्त त्यावर फुलांची नक्षी नको. आबा ती फुलं उचलायला बघायचे.