नेत्र केंद्राच्या ओसीटी मशीनसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

परळचे आपले नेत्र केंद्र कसे उभे राहिले, ते जुन्या सभासदांना सांगायला नको. १९८२च्या गिरणी संपात पगार बंद असतानाही ज्यांनी महिन्याची वर्गणी चुकवली नाही, त्यांच्या पैशांतून तपासणीची पहिली खुर्ची आली. ती अजून वापरात आहे, रेक्झिन तेवढे तिसऱ्यांदा बदलले. दादरच्या फुलबाजारात गाळा असलेले आपले एक बंधू बाहुली मोठी करायच्या थेंबांचा खर्च वर्षानुवर्षे गुपचूप देतात. पावतीवर नाव नको म्हणतात, म्हणून इथेही लिहीत नाही, पण दसऱ्याला केंद्राच्या दारावरचे तोरणही त्यांचेच असते. आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याची जाडी मोजणारे ओसीटी मशीन आले ते शाळेतून निवृत्त झालेल्या आपल्या बाईंनी फंडातली मोठी रक्कम घातली म्हणून.

ते मशीन आता थकले आहे. जुन्या टाइम-डोमेन पद्धतीचे, सेकंदाला ४०० स्कॅन. मॅक्युलावरून, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागावरून, सहा रेघा मारायच्या आणि मधली जागा हिशेबाने भरायची. म्हाताऱ्या माणसाचा डोळा जरा हलला की नकाशा बिघडला. त्यात ते वारंवार बंद पडते आणि रुग्ण बाहेर पाठवावे लागतात.

खरा घोळ तिथेच होतो. गणपतीनंतर भोईवाड्याच्या एक मावशी दोन रिपोर्ट घेऊन आल्या. मधुमेहाने पडद्याला सूज, तीन इंजेक्शने झालेली. आधीचा आपल्याकडचा आकडा ३१८ मायक्रॉन, नंतरचा बाहेरचा ३२२. "पैसे पाण्यात गेले," म्हणत मुलगा चौथ्याला तयार नव्हता. डॉक्टरांनी दोन्ही छापे शेजारी ठेवून पेनाच्या टोकाने खालची रेघ दाखवली. जुने मशीन प्रकाशपेशींमधल्या रेघेपर्यंतच मोजते, नव्या मशीनांपैकी सिरस त्याखालच्या रंगद्रव्याच्या थरापर्यंत, तर स्पेक्ट्रॅलिस त्याच्याही तळाच्या पापुद्र्यापर्यंत. म्हणून तोच डोळा नव्या मशीनवर साधारण ५०-६० मायक्रॉन जाड भरतो. मावशींची सूज उतरली होती! आणि सुजलेल्या डोळ्यात सरळ वजाबाकी करूनही आकडे जुळत नाहीत.

सिरस आणि स्पेक्ट्रॅलिस या दोन्ही मशीनची दरपत्रके कार्यकारिणीपुढे आहेत. डोळ्याच्या हालचालीमागे जाऊन पुढच्या खेपेला नेमकी तीच जागा टिपणे ही स्पेक्ट्रॅलिसची जमेची बाजू. सिरसचा स्कॅन अडीच सेकंदांत उरकतो. डॉक्टर म्हणतात, "कोणतेही घ्या, पण रुग्णाला दर वेळी त्याच मशीनवर बसवा."

ठेव मोडूनही ६ लाख कमी पडतात. गेल्या वर्षी याच कामासाठी पत्रके घरोघर टाकली, तर परत आली अकरा पाकिटे. हंडीच्या टी-शर्टांना मात्र प्रायोजक रांगेत उभे होते. राग नाही, पण लागले.

धनादेश मंडळाच्या नावे. यूपीआयचा क्यूआर फलकावर. रोख २,०००पर्यंतच आयकर सवलतीत (८०जी) धरतात. कार्यालय सायं. ६.३० ते ८.३०, सोमवार बंद. पावती मागून घ्यावी. दरपत्रकांची मुदत महिनाअखेरपर्यंतच.

आपला,
चिटणीस

ता. क. गेल्या वेळी कबूल केलेल्या पण न आलेल्या रकमा वहीत आहेत, फलकावर लावलेल्या नाहीत.