खाडाखोडीचा गुण कापला!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला स्काऊटच्या तासावरचा लेख वाचला. लेखक महाशयांचा अभ्यास दांडगा असणार, पण त्यांनी मैदानावर कधी शिट्टी हातात धरली असेल असं काही लेखावरून वाटत नाही. खेळात तास फुकट जातो, त्यापेक्षा मुलांकडून मूल्यशिक्षणाची वही भरून घ्यावी आणि तिला गुण द्यावेत, ही त्यांची सूचना. छान! म्हणजे 'खरे बोलावे' हे मुलं वहीत लिहितील, तेही शेजाऱ्याचं बघून.

गुण आले की काय होतं, ते मी आमच्या मालवणकडच्या एका मेळाव्यात पाहिलंय. आम्ही किम्स गेम ठेवला होता. सुपात चोवीस वस्तू: तिरफळ, आमसूल, सुपारी, काजूची बी, मुळ्याचं शिंपलं, मासेमारीचं जाळं तरंगत ठेवणारा बोया, एसटीचं तिकीट, असलंच घरातलं सामान. मिनिटभर बघायचं, मग वर पंचा टाकायचा आणि सहा-सात जणांच्या संघाने बाजूला बसून आठवेल ते एका कागदावर उतरवायचं. खरी मजा त्या कुजबुजीत असते. एकाला रंग आठवतात, दुसऱ्याला कुठली वस्तू कशाशेजारी होती ते. मोठ्या आवाजाच्या संघनायकालाही थोड्या वेळाने उमगतं, की त्या मुखदुर्बळ पोराचं ऐकलं नाही तर आपलं काही खरं नाही.

एका संघाने यादीत 'बोया' लिहून खोडला होता. का, म्हणून विचारलं. सूप मांडताना त्यांच्यातल्याच एकाने तो बोया आम्हाला आणून दिला होता. आता तो सुपात बघितला म्हणून आठवला की आणून दिला म्हणून, हे त्याला सांगता येईना. तेव्हा पोरांनी आपापसात हुज्जत घालून तो काढून टाकला. आम्ही कोणी सांगितलं नव्हतं. स्काऊटच्या नऊ नियमांतला पहिला, 'स्काऊट विश्वसनीय असतो', मी वर्षानुवर्षं घोकून घेतला, पण असा पाळलेला क्वचितच पाहिला.

आणि परीक्षक म्हणून आलेल्या साहेबांनी काय करावं? खाडाखोडीचा एक गुण कापला! बोयाचा गेला तो वेगळाच. संघ दुसरा आला. मी समजवायला गेलो तर म्हणाले, "गुरुजी, निकषात बसत नाही." पुढच्या फेरीला साहेबांच्या हुकमावरून प्रत्येकाला वेगळा कागद. झालं! मघाशी डोक्याला डोकं लावून बसलेली पोरं कोपर आडवं धरून कागद झाकायला लागली.

१९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी सुमारे वीस मुलं नेली, बड्या शाळांतली आणि कष्टकऱ्यांची एकत्र. त्यांचे चार संघ पाडले आणि माग काढणं, निरीक्षण, गाठी मारणं, बरंचसं खेळातूनच करून घेतलं. त्यांनी वह्या तपासल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. लेखक महाशयांच्या असेल तर कळवावं.

त्यांचं एक मात्र मान्य. कित्येक ठिकाणी खेळ म्हणजे पोरांकडे चेंडू टाकायचा आणि आपण स्टाफरूममध्ये चहाला जायचं. शिवाय बाद करण्याचे खेळ. 'शिवाजी म्हणतो' मध्ये ज्याचं लक्ष ठरत नाही तो पहिल्या फटक्यात बाहेर, आणि मग उरलेला वेळ माडाखाली बसून. ज्याला सराव हवा त्यालाच तो नाही. अहो, बाद कशाला करता? एक पाऊल मागे पाठवा आणि खेळू द्या की! पण हा दोष गुरुजींचा. त्यासाठी खेळच बंद करा म्हणणं म्हणजे पोहता येत नाही म्हणून विहीर बुजवण्यातला प्रकार.

जाता जाता, लेखासोबत छापलेल्या फोटोबद्दल. व्यासपीठावर शाली पांघरलेले पाहुणे ओळीने बसलेत, खाली प्रत्येकाचं नाव, हुद्द्यासकट. स्कार्फ घातलेली मुलं अगदी कडेला दिसतात, पाण्याच्या पेल्यांचे ट्रे धरून. तेवढ्यासाठीच गणवेश शिवायला लावतात काय पालकांना? पुढच्या वेळी आपल्या बातमीदाराला जरा मैदानाकडे तोंड करून उभं राहायला सांगावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त स्काऊटमास्तर, मालवण