मेट्रो जालना रोडवरूनच का?

संपादक महोदय,
आपल्या छत्रपती संभाजीनगरात शेंद्रा ते वाळूज या दोन औद्योगिक वसाहतींना जोडणाऱ्या मेट्रोची चर्चा निघाली की नकाशावर आधी जालना रोडच आखला जातो. रस्ता रुंद, सरळ. खांब उभे करायला सोपा. पण सोपं तिथून काढायचं की माणसं आहेत तिथून? शेंद्रा-वाळूजच्या अनेक कामगारांना कंपनीच्या बस नेतात-आणतात. रोज हाल होतात ते घाटी या सरकारी रुग्णालयात येणाऱ्या पेशंटचे, जुन्या शहरातल्या शहागंज-गुलमंडीच्या बाजारात येणाऱ्यांचे, मध्यवर्ती बसस्थानकावर उतरलेल्या खेड्यापाड्यांतल्या लोकांचे. मेट्रो स्टेशनपासून पुढे रिक्षाच करावी लागणार असेल, तर माणूस घरातूनच रिक्षाने निघेल. जुन्या शहरात गल्ल्या अरुंद आहेत, हे मान्य. पुण्यातही पेठा अरुंदच आहेत. तरी तिथे जिल्हा न्यायालय ते स्वारगेट मार्ग भुयारी करून कसबा पेठ, मंडईत स्टेशनं दिली आणि २०२४ मध्ये तो सुरूही झाला. भुयार महाग पडतं, त्यामुळे सगळा मार्ग जमिनीखालून न्या असं कोणी म्हणणार नाही. निदान एक फाटा घाटी-शहागंजकडे वळवला तर खर्च किती वाढेल आणि प्रवासी किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून लोकांपुढे ठेवावेत. तेही मार्ग पक्का होण्याआधी.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर