पोथीच्या कडा कापू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला युरोपातल्या मध्ययुगीन हस्तलिखितांवरचा लेख वाचला. सोन्याचा वर्ख लावलेली प्रार्थनापुस्तके देखणी खरीच, पण पोरांच्या रोजच्या हाताळणीतली तर्कशास्त्राची लॅटिन पोथी लेखात कुठेच नाही.

अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. पीटर ऑफ स्पेनच्या तेराव्या शतकातल्या पाठ्यपुस्तकाच्या नकलांची छायाचित्रे हल्ली घरबसल्या पाहता येतात. ‘बार्बारा, सेलारेंट’ ही, दोन विधानांवरून तिसरे काढण्याचे साचे लक्षात ठेवायची, घोकंपट्टीची कविता त्यात आहे. ‘बार्बारा’तले तीन ‘आ’ म्हणजे तिन्ही विधाने ‘सर्व अमुक तमुक आहेत’ अशा साच्याची!

अशा पोथीचे पान म्हणजे बहुधा मेंढीचे, बकरीचे नाहीतर वासराचे कातडे. केसांच्या बाजूला बारीक ठिपके दिसतात, आतली बाजू पांढरट. पोथी उघडली की समोरासमोर एकाच जातीची बाजू यावी, अशी घडी घालत. शाई मायफळ आणि हिराकस यांची, काळाने तपकिरी पडलेली. आपल्याकडे चुकीवर हरताळ, म्हणजे एक पिवळे खनिज, फासत. तिथे लेखनिक चाकूने अक्षर खरवडून काढी किंवा त्याखाली टिंब देऊन ते रद्द करी. ते टिंब एकदा ओळखता आले की मग पान सोडवत नाही.

पण खरी गंमत समासात. ओळी आखण्यासाठी टोचलेली भोके अगदी कडेला असतात. पुढच्या जुडीचा (एकात एक घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याचा) पहिला शब्द आधीच्या जुडीच्या शेवटच्या पानावर तळाशी लिहिलेला असतो, बांधणाऱ्याचा घोळ होऊ नये म्हणून. पॅरिसला पुस्तकविक्रेते मूळ प्रत सुट्या जुड्यांनी भाड्याने देत, आणि कुठली जुडी कुठे संपली याची खूण नक्कल करणारा समासातच करून ठेवी. वाचणाऱ्यांच्या टिपाही तिथेच.

हे सारे आठवायचे कारण, माझ्या पाहण्यातल्या एका संग्रहाने आपल्याकडच्या पोथ्यांचे स्कॅन केले, तेव्हा पाने ‘नीटनेटकी’ दिसावीत म्हणून कडा छाटून टाकल्या. मजकूर शाबूत राहिला, बोटांचे डाग आणि कडेच्या टिपा गेल्या. पोथ्यांचे फोटो काढणाऱ्यांनी कृपया पान चारी कडांसह घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि कोरी पानेही वगळू नयेत.

– तर्कशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सातारा