नथ्थूजींच्या पणतूची नथ

आर्वी,
आषाढीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे सगळे बरे आहोत. पाऊस दोन दिवस दाबून पडला आणि आता उघडीप आहे. तिकडे डवरणी आटोपली का? संत्र्याच्या आंबिया बहराची गळ थांबली की अजून चालूच आहे? मागच्या वेळी झाडाखाली पडलेली फळं बघून तुम्ही दिवसभर जेवला नव्हता, म्हणून आधी हे विचारतो.

बाबा, परवा तुम्ही फोन ठेवून दिला. पोरांना मी सांगितलं की रेंज गेली, पण त्यांना रेंज मला जास्त कळते असं वाटत नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हो बाबा’ म्हणतो, ही आपली जुनी रीत. म्हणून कागद घेतला. आईला वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका, ती नंतर मला विचारेलच.

आधी जे झालं ते सांगतो. तुमच्याकडे फक्त फोटो पोचला आहे.

शाळेत आषाढीची दिंडी होती. बाईंनी वहीत लिहून दिलं होतं, मुलांनी विठ्ठल किंवा वारकरी, मुलींनी रुक्मिणी किंवा डोक्यावर तुळस. धाकट्यानं दप्तर ठेवलं आणि जाहीर केलं, “मी रुक्मिणी होतो.” मी काय केलं ते खरं सांगतो. मी त्याला टाळ घेऊन देतो म्हणालो. मग बॅट घेऊन देतो म्हणालो. तो म्हणाला, “टाळवाले पंधरा आहेत वर्गात. आणि विठोबाले तोंडाले काळा रंग लावतात, तो खाजवतो.” सहा वर्षांच्या पोराकडे एवढी तयारी असेल असं मला वाटलं नव्हतं. शेवटी म्हणाला, “आजी म्हणते रुक्मिणी आपली आहे.”

म्हणजे आई, याची सुरुवात तुझ्यापासून आहे. उन्हाळ्यात गच्चीवर झोपताना तूच त्याला सांगितलंस ना, की कौंडण्यपूर आपल्याच जिल्ह्यातलं, रुक्मिणी आपली लेक आणि विठोबा आपला जावई. तिनं चिठ्ठी लिहून कृष्णाला बोलावलं आणि अंबादेवीच्या देवळातून ती त्याच्याबरोबर निघून गेली. तुझ्या गोष्टीत विठोबाला काही कामच नसतं. सगळं ती करते. नंतर आम्ही त्याला कौंडण्यपूरला नेलं. इथून जवळच आहे, नदी ओलांडली की आलंच. पंढरपूरला जाणारी रुक्मिणीची पालखी त्यानं पाहिली. 1594 पासून ती जाते असं तिथे सांगतात. पोट्टं पालखीपेक्षा देवीच्या नथीकडे जास्त बघत होतं.

तर त्याच्या आईनं एक जुनी हिरवी साडी कापली. मला विचारलं नाही, हे बरंच केलं. पदराकडचा भाग घेऊन त्याला काष्टा घातला, खणाच्या तुकड्याची चोळी शिवली. सेफ्टीपिना मी मोजल्या, सोळा होत्या. नथ चापाची, बाजारातून आणलेली. चाप घट्ट होता, लावताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण काढू का म्हटलं तर मान हलवून नाही म्हणाला. बाईंना मी आदल्या दिवशी भेटून आलो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “चालते सर, पण एका मुलीचं नाव आधीच रुक्मिणीत लिहिलं आहे.” म्हणून दिंडीत एक विठोबा आणि दोन रुक्मिण्या झाल्या. पुराणात आकडा याहून मोठा आहे, त्यामुळे देवळातल्या बुवांनी काही हरकत घेतली नाही.

चौकातल्या चिखलात तो पाय घसरून पडला. काष्टा सुटला. मी गर्दीत मागे होतो, पोचेपर्यंत ओट्यावर बसलेली एक म्हातारी खाली उतरली होती. तिनं त्याच्या निऱ्या झटकल्या, खोचल्या आणि विचारलं, “कोनच्या गावची हायस व माय तू?” तो म्हणाला, “कौंडण्यपूरची.” म्हातारी त्याच्या पाया पडली. बाबा, तिला तो पोरगा आहे हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. केस तर बारीक कापलेलेच होते.

चौथीतले दोन-तीन पोट्टे “बायल्या, बायल्या” ओरडले. हेही झालं, लपवत नाही. रात्री त्यानं मला विचारलं, “बायल्या म्हणजे काय?” मला काही सुचेना. शेवटी म्हटलं, बाईसारखा. “मग बरोबरच आहे ना, मी रुक्मिणी होतो,” असं म्हणून तो कुशीवर वळला आणि झोपला. मी मात्र बराच वेळ जागा होतो.

त्यानंतर तुमचा फोन आला. “पोट्ट्याले पोट्टी कायले बनवता? बायकी सवय लागंन त्याले. लोकं हासतीन. तो फोटो काढ ग्रुपवरून.”

फोन स्पीकरवर होता, बाबा. मी पोळ्यांचं पीठ मळत होतो म्हणून. (हेही आता तुम्हाला कळलंच.) आणि मोठी तिथेच खाली बसून पाढे लिहीत होती. ती काही बोलली नाही. वही मिटून आत गेली.

गेल्या वर्षीचा तान्हा पोळा आठवा. आपल्या चांदूरबाजारापेक्षा इकडे वर्धेकडे त्याचा थाट मोठा. सिंदीला तर लाकडी नंदी माणसाहून उंच असतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं आपापले नंदी ओढत निघतात, आणि सोबत वेशभूषा असतेच. मोठी गाडगेबाबा झाली होती. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, अंगात चिंध्या, एका कानात कवडी आणि दुसऱ्यात बांगडीची काच. दाढीला कापूस तुमच्याच वावरातला. तिनं चौक खरंच झाडून काढला, पहिला नंबर आला. तो फोटो तुम्ही किती जणांना पाठवला, याचा हिशोब माझ्याकडे आहे, कारण निम्म्या लोकांनी मला फोन केले. खाली तुम्ही लिहिलं होतं, “नात नाही, नातू आहे आमचा.”

तेव्हा मला ते वाचून बरंच वाटलं होतं. आता मी ते पुन्हा वाचलं. पोरीला पोरगा म्हटलं की तिची किंमत वाढते. पोराला पोरगी म्हटलं की शिवी होते. दोन्ही वाक्यं एकाच घरातली, एकाच माणसाची, आणि दोन्ही माझ्या पोरीनं ऐकली. तिनं दाढी लावली तेव्हा कोणी म्हणालं नाही की हिला आता पुरुषी सवय लागेल. तुमचा राग तिच्या भावावर होता, पण वही मिटून उठली ती. मला तुमच्याशी भांडायचं आहे ते एवढ्याच जागेवर.

आता आजोबांची गोष्ट. ती तुम्हीच मला सांगितली आहे, मी फक्त परत करतो.

आजोबांचं नाव नथ्थू. आपल्या गावात या नावाचे आणखीही म्हातारे होते आणि लहानपणी मला वाटायचं की हे देवाचंच कोणतं तरी नाव असेल. आजोबा अंगणात बिडी ओढत बसले की मी त्यांच्यासमोर उकिडवा बसायचो, नाकपुडीच्या भोकातून धूर निघतो का ते पाहायला. कधी निघाला नाही. त्यांच्या आधीची दोन लेकरं गेली होती. तिसरा पोरगा झाला तेव्हा पणजीनं त्याचं नाक टोचलं, नथ घातली, आणि जावळ काढेपर्यंत त्याला पोरीसारखं वाढवलं. काळाला वाटावं ही पोरगी आहे, आणि त्यानं तोंड फिरवून पुढे जावं. नथीवरून नाव पडलं नथ्थू.

आजोबा ऐंशी वर्षं जगले. नांगर धरला, विहीर खणली, तीन बहिणींची लग्नं केली, आणि तुम्हाला शाळेत घातलं. नथीनं त्यांचं काय बिघडलं?

पण ही गोष्ट लिहिताना मी दुसऱ्याच ठिकाणी अडकलो. पणजीची युक्ती चालत होती ती कशावर? पोरगी कोणालाच नको असते, अगदी यमालाही, या भरवशावर. गावोगाव एवढे नथ्थू झाले ते त्याच भरवशावर. पणजी बिचारी लेकरू वाचवत होती, तिला मी काय बोलणार. पण ‘बायकी सवय’ हा शब्द तिथूनच आलेला आहे, हे मला परवा रात्री कळलं.

तुम्ही दर वर्षी माधानला जाता. गुलाबराव महाराजांबद्दल मला जे माहीत आहे ते तुमच्याच तोंडून. नवव्या महिन्यात डोळे गेले, 1915 साली वारले तेव्हा वय अवघं 34, आणि तेवढ्यात शंभराच्या वर ग्रंथ. स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवायचे. कृष्णाची पत्नी या भावानं कुंकू लावायचे, मंगळसूत्र घालायचे. तुम्ही हे सांगताना तुमचा आवाज कधी अडखळल्याचं मला आठवत नाही. तुम्ही म्हणाल, ते संत, ती मधुराभक्ती, पोट्ट्याच्या हट्टाशी त्याची बरोबरी करू नको. नाही करत. त्याला भक्ती कळते असंही मी म्हणत नाही, त्याला नथ आवडली एवढंच. पण मंगळसूत्र घातलेल्या पुरुषापुढे आपण पिढ्यान्‌पिढ्या हात जोडत आलो आणि आपला धर्म काही बुडाला नाही, एवढं तरी त्यातून घ्या.

दिवाळीनंतर मी सासुरवाडीला साकोलीकडे मंडईला, म्हणजे तिकडच्या जत्रेला गेलो होतो. रात्रभर दंडार, खडी गंमत, अशी तिकडची लोकनाट्यं. लुगडं नेसून नाचणाऱ्या पुरुषाला लोक दहा-दहाच्या नोटा देत होते. सकाळी चहाच्या टपरीवर तोच माणूस पॅन्ट-शर्टात आला आणि त्याच लोकांनी त्याला टोमणे मारले. त्यानं हसून चहा घेतला. त्याचं ते हसू मला तेव्हा नीट कळलं नव्हतं.

तुमची खरी भीती लोकांच्या हसण्याची नाही, हे मला माहीत आहे. ‘सवय लागंन’ म्हणताना तुमच्या मनात काय होतं ते तुम्ही बोलला नाही, मीही त्याला नाव दिलं नाही. साडीनं तसं होत नाही, बाबा. होत असतं तर दंडारीतल्या बाप्यांच्या घरी लेकरं जन्मली नसती. आणि समजा उद्या आपला पोरगा खरंच निराळा निघाला, तर तो सोळा सेफ्टीपिनांमुळे निघालेला नसेल. तेव्हाही तो आपलाच असेल. सुप्रीम कोर्टानं 2014 सालीच सांगून ठेवलं आहे की स्त्री, पुरुष किंवा तृतीयपंथी म्हणून आपली ओळख कोणती हे ज्यानं त्यानं ठरवायचं. कोर्टाचं तुम्ही मानता, भावकीच्या धुऱ्याच्या भांडणातही मानलं होतं. मला एवढंच वाटतं की तसा दिवस आलाच तर त्यानं आधी घरी येऊन सांगावं. घरचे फोन ठेवतात हे त्याला सहाव्या वर्षीच कळलं तर तो येणार नाही.

आम्ही त्याला मुद्दाम काही शिकवत नाही, हेही सांगून ठेवतो. इकडे काही शिकलेल्या घरांत पोराला हट्टानं बाहुली घेऊन देतात आणि त्याचे फोटो काढतात, तेही मला पटत नाही. यानं मागितलं, आम्ही पिना लावल्या. दुसऱ्या दिवशी ती साडी त्यानं मांजरीच्या पिल्लांखाली अंथरली.

फोटो मी ग्रुपवरून काढलेला नाही. काकांनी खाली हसण्याचे चेहरे टाकले आहेत, टाकू द्या. आत्यानं मात्र “माझी रुखमाय” असं लिहिलं, ते पोट्ट्याला वाचून दाखवलं.

मोठीशी तुम्ही एकदा बोला. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. तिला अठराचा पाढा अडतो, तो विचारला तरी चालेल.

पोळ्याला या दोघंही. यंदा धाकट्याला बैल व्हायचं आहे. नंदी ओढायचा नाही, स्वतःच बैल. शिंगांना बेगड पाहिजे, गळ्यात घुंगरमाळ, आणि जोडीतला डावा बैलच पाहिजे. उजवा कोण, तर आजोबा. तुम्ही हो म्हणाल असं त्यानं परस्पर ठरवलं आहे. येताना माळ्यावरचा माझा जुना लाकडी नंदी आणा. त्याचं मागचं एक चाक निघालं होतं, सुताराकडून बसवून घ्या.

आणि आई, आजोबांची ती नथ कुठे आहे का गं? तुझ्या पितळी डब्यात मी पाहिल्यासारखी वाटते. त्याला आजोबांची गोष्ट सांगितली तेव्हा त्यानं सगळं ऐकून एकच विचारलं. ती नथ चापाची होती का, कारण चापाची फार दुखते.

तुमचा,
बाळू