तो रॉयल ग्रामा नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर अर्ध्या जांभळ्या, अर्ध्या पिवळ्या माशाचं छायाचित्र होतं. खाली ओळ : 'पॅसिफिक महासागरातील रॉयल ग्रामा, घरच्या टाकीतला शांत, गुणी पाहुणा'. छायाचित्र झकास आहे, पण तो रॉयल ग्रामा नव्हे. मुळात रॉयल ग्रामा पॅसिफिकमध्ये नसतोच. तो कॅरिबियन समुद्र आणि आसपासच्या अटलांटिकमधला. क्यूबाचे मत्स्यशास्त्रज्ञ फेलिपे पोए यांनी १८६८ मध्ये त्याला 'ग्रामा लोरेटो' हे शास्त्रीय नाव दिलं.

एकतीस वर्षं चित्रकला शिकवल्यामुळे माझी नजर आधी रंगांच्या कडेवर जाते. ग्रामाचा जांभळा एका जागी संपत नाही. मधल्या पट्ट्यात पिवळे ठिपके जांभळ्यात शिरतात, ओल्या कागदावर दोन रंग एकमेकांत उतरावेत तसे. तुमच्या माशाच्या मधोमध मात्र फूटपट्टी लावून मारल्यासारखी सीमा आहे. शिवाय ग्रामाच्या पाठीवरच्या पराच्या पुढच्या भागात काळा ठिपका असतो आणि डोळ्यातून गडद तिरकी रेघ जाते. छायाचित्रात दोन्ही नाहीत आणि पर जवळजवळ पारदर्शक आहेत. हा पश्चिम पॅसिफिकमधला बायकलर डॉटीबॅक. ग्रामा 'ग्रामाटिडी' कुळातला, हा 'स्यूडोक्रोमिडी' कुळातला. दोन महासागर, दोन कुळं, रंगसंगती तीच!

एका ओळीसाठी एवढं पत्र कशाला, असं वाटेल. पण हीच चूक मला नडली आहे. माझ्या पहिल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी विक्रेत्याने 'रॉयल ग्रामा' म्हणूनच डॉटीबॅक दिला. तेव्हा मलाही फरक कळत नव्हता. बोटाएवढा मासा, करून करून काय करणार? दुसऱ्या दिवशीपासून तो फायरफिशच्या मागे लागला. ते बिचारं भित्रं, घाबरलं की वर उडी मारणारं. तिसऱ्या सकाळी ते झाकणाच्या फटीतून बाहेर पडून फरशीवर वाळलेलं सापडलं. नंतर सफाई करणाऱ्या कोळंबीच्या मिशा गायब झाल्या, मग कोळंबीच. दगडाआड तिचा एक पाय तेवढा पडला होता.

ग्रामाही अगदी साधुसंत नव्हे. त्याच्या कपारीशी कोणी आलं की जबडा वासून उभा राहतो. पण बहुधा तेवढ्यावरच भागतं. त्याची खरी गंमत वेगळीच. कपारीच्या छताखाली तो पोट वर करून, म्हणजे छताकडे करून पोहतो. त्याच्या लेखी जवळचा खडक ती जमीन! पुढे मी ग्रामा पाळला (या वेळी काळा ठिपका पाहूनच घेतला), तेव्हा पहिल्यांदा उलटा दिसला आणि तो मेलाच असं समजून मी जाळी आणायला धावले. विणीच्या दिवसांत नर तोंडाने शेवाळाचे तुकडे नेऊन बिळात अंथरतो आणि अंडी राखतो.

डॉटीबॅकबद्दल माझा राग मात्र आता ओसरला आहे. त्याच्या कुळातला एक मासा ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर राहतो. तिथल्या छोट्या डॅमसेल माशांसारखा तो पिवळा किंवा तपकिरी होतो, त्यांच्यात बेमालूम मिसळतो आणि त्यांचीच पिल्लं मटकावतो. हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. रंग बदलायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात. माझ्या वर्गात कित्येकांना साधा तपकिरी मिसळायला वर्ष लागे.

तरी पुढच्या रविवारी त्याच पानावर खुलासा छापावा. नाव दुरुस्त करावं आणि 'शांत, गुणी' हे शब्द काढून टाकावेत. ग्रामाचं छायाचित्र शेजारी देता आलं तर फारच उत्तम. पाठीवरचा तो काळा ठिपका स्पष्ट दिसेल असं निवडावं.

माझा डॉटीबॅक अजून आहे, वेगळ्या टाकीत, एकटा. काचेवर बोट टेकवलं की आजही अंगावर धावून येतो.

आपली नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका