दुःख पुसून टाकण्याची हमी संमोहन देऊ शकत नाही

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत संमोहन-उपचारांविषयी आलेला लेख वाचला. शोक, न्यूनगंड, अपराधीपणाची टोचणी यांसाठी मदत घेण्यात कमीपणा नाही, हे त्यात ठासून सांगितले आहे आणि त्याबद्दल लेखकाचे आभार मानायला हवेत. मात्र दोन-तीन बैठकांत दुःखाचे मूळच काढून टाकता येते, असा जो सूर त्या लेखात आहे, तो मला धोक्याचा वाटतो. मी समुपदेशक आहे, जवळचे माणूस गमावलेल्यांसोबत अनेक वर्षे काम करते आहे आणि गरज असेल तेथे संमोहनाचाही वापर करते. या उपचारावर माझा विश्वास आहे म्हणूनच हे लिहीत आहे.

संमोहन म्हणजे झोप नव्हे आणि शुद्ध हरपणेही नव्हे. त्या अवस्थेत लक्ष एका ठिकाणी एकवटते, भोवतालचे भान मागे सरते आणि सूचना स्वीकारण्याची मनाची तयारी वाढते. पण बाहेरचे आवाज ऐकू येत असतात आणि नको वाटले तर डोळे उघडून उठता येते. ज्यांच्या उपचारांतून पुढे संमोहन विकसित झाले, ते वैद्य फ्रान्झ मेस्मर यांनी अठराव्या शतकात आपल्या उपचारांचे श्रेय एका अदृश्य चुंबकीय प्रवाहाला दिले होते. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए हे शास्त्रज्ञ होते, चाचण्या घेऊन असा प्रवाह नसल्याचे आणि दिसणारा परिणाम रुग्णाच्या कल्पनाशक्तीचा असल्याचे सांगितले. या निष्कर्षाने मेस्मर यांचा दावा निकालात निघाला, पण कल्पनेचा परिणाम खरोखर होतो, हेही त्यातूनच पुढे आले आणि आजचा संमोहन-उपचार उभा आहे तो याच पायावर. शिवाय संमोहित होण्याची क्षमता सर्वांत सारखी नसते. ती मोजण्यासाठी १९५९ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेल्या मोजपट्ट्या आजही संशोधनात वापरल्या जातात आणि त्यांनुसार साधारण १० ते १५ टक्के माणसे संमोहनाला फार चटकन प्रतिसाद देतात, जवळपास तितकीच माणसे जेमतेम देतात, तर बाकीची मधे कोठेतरी असतात. मग सर्वांना सरसकट गुण येण्याची हमी कोणी कशाच्या आधारावर देतो?

शोकाच्या बाबतीत तर अधिकच जपून बोलायला हवे, कारण शोक हा मुळात आजार नाही. बहुतेक माणसे काळाच्या आणि आपल्या माणसांच्या आधाराने त्यातून सावरतात. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत दीर्घकालीन शोकविकाराचा समावेश केला आहे, पण त्यासाठी गेलेल्या माणसाची तीव्र ओढ आणि वेदना किमान सहा महिने टिकलेली असावी, ती त्या समाजाच्या रीतीत अपेक्षित असते त्यापलीकडची असावी आणि तिने रोजचे जगणे विस्कळीत केलेले असावे, अशा अटी आहेत. महिन्याभरापूर्वी आई गेलेल्या मुलाला रडू येते म्हणून त्याचे रडणे थांबवण्यासाठी संमोहन वापरणे हा उपचार नव्हे.

ते उपयोगी पडते ते निराळ्या ठिकाणी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक प्रसंग सांगते. एका बाईंचे पती रुग्णालयात वारले, तेव्हा त्या थोड्या वेळासाठी घरी आल्या होत्या. त्यानंतर त्यांना झोप लागेना आणि लागली तरी स्वप्नात रुग्णालयातल्या जिन्यावर येऊन दचकून जाग येई. बऱ्याच बैठका नुसत्या बोलण्यात गेल्यावर, त्यांच्या संमतीने, मी त्यांना संमोहनावस्थेत पतीच्या खाटेशेजारी बसल्याची कल्पना करायला सांगितली आणि सांगायचे राहून गेलेले काही असेल तर ते सांगायला सुचवले. त्या पुष्कळ वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘तुमचा चष्मा माझ्या पर्समध्येच राहिला हो, तुम्हाला कोणाचा चेहराही धड दिसला नसेल.’ ही चष्म्याची गोष्ट त्यांनी तोवर कोणालाही सांगितली नव्हती. पुढचे काम त्या वाक्यावर झाले, तेही जागेपणी, समोरासमोर बसून. त्यांचे दुःख गेले नाही, पण झोप परत आली आणि पतीचे नाव घेताना बोलणे अडेनासे झाले. विसरून जा, अशी सूचना मी त्यांना एकदाही दिली नाही.

न्यूनगंडाबाबतही हेच. ‘मी श्रेष्ठ आहे, मी यशस्वी आहे’ अशी ठरावीक वाक्ये ध्वनिमुद्रित करून विकली जातात. स्वतःला कवडीमोल समजणाऱ्या माणसाला ती ऐकून बरे वाटण्याऐवजी आपण त्यांना पात्र नाही असेच पुन्हा वाटण्याची शक्यता असते. त्याने स्वतः निभावून नेलेला एखादा छोटा प्रसंग संमोहनात सविस्तर उभा करणे आणि सूचना त्याच्याच शब्दांतून घडवणे याला वेळ लागतो, पण ते मनाला पटते.

सर्वांत मोठा धोका स्मृतींचा आहे. संमोहनात दडलेल्या आठवणी जशाच्या तशा बाहेर येतात हा समज चुकीचा आहे. त्या अवस्थेत आठवणींची अचूकता खात्रीने वाढत नाही, आपल्याला आठवते ते खरेच आहे हा विश्वास मात्र वाढू शकतो. उपचारकाने सहज सुचवलेली गोष्ट रुग्णाची आठवण होऊन बसते आणि त्यातून निरपराध नातेवाइकांवर आरोप होऊन घरे मोडल्याची उदाहरणे आहेत. पूर्वजन्मात नेण्याचे दावे तर कोणत्याही पुराव्यावर उभे नाहीत, आणि शोकात बुडालेल्या माणसाला मृत व्यक्तीची खरोखर भेट घडवण्याचे आमिष दाखवणे ही मला क्रूर फसवणूक वाटते.

संमोहनाच्या उपयोगाचा भक्कम पुरावा वेदना कमी करणे आणि आतड्यांचा दीर्घकालीन त्रास यांबाबत आहे. शोकाबाबत तो तितका नाही. मनाच्या तक्रारींमध्ये ते एखाद्या प्रस्थापित मानसोपचाराला जोड म्हणून वापरावे, हे म्हणूनच योग्य. जो माणूस शोकावर किंवा नैराश्यावर संमोहनाविना उपचार करू शकत नाही, त्याने ते संमोहनानेही करू नयेत. भ्रम-भास होणाऱ्या किंवा आत्महत्येचे विचार येणाऱ्या व्यक्तीला तर आधी मनोविकारतज्ज्ञाकडेच न्यायला हवे.

आपणास विनंती इतकीच, की या विषयावरचे लेख आणि जाहिराती छापताना उपचारकाचे मूळ शिक्षण कोणत्या शाखेतले आहे आणि मानसोपचाराचे प्रशिक्षण त्याने कोठे घेतले आहे, हे त्याच्या नावाखाली द्यावे आणि ठरावीक बैठकांत बरे करण्याची हमी देणारी जाहिरात स्वीकारू नये.

आपली,
एक समुपदेशक